शिफ्टच्या घरात ध्यान

दादरा-सिल्वासात कंपनीची शिफ्ट बदलली की घरातलं सगळंच बदलतं. "ताई, ध्यानाची वेळ टिकत नाही," असं कितीतरी जणी म्हणतात. वेळ घड्याळाला नको, कामाला बांधा. डबा दिला की लगेच १० मिनिटं आसनावर. गीतेच्या ६ व्या अध्यायात अर्जुनाचीही हीच तक्रार आहे, मन वाऱ्यासारखं आवरत नाही. भगवंत त्याला रागवत नाहीत हं! अभ्यास आणि वैराग्य सांगतात. मन भाजीवर गेलं, सुनेच्या बोलण्यावर गेलं, तर 'गेलं' एवढं ओळखून श्वासावर परत यायचं. मध्येच नातवाने हाक मारली तर खेकसू नका. उठा, बघा, पुन्हा बसा. उद्या बसून झालं की ग्रुपवर कळवा.