स्वच्छता कोणासाठीं?

१९६७ च्या मार्चांत ‘टॉरी कॅनियन’ हें तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यापुढील खडकांवर फुटलें. किनाऱ्यास लागलेलें काळें तेल धुऊन काढण्यासाठीं सुमारें १०,००० टन रसायनें वापरण्यांत आलीं. खडक स्वच्छ झाले. पण त्यांस चिकटून शेवाळावर जगणारे शंखधारी जीव तेलापेक्षां त्या रसायनांनींच अधिक मेले, आणि मागें हिरवें शेवाळ बेसुमार माजलें. जेथें तेल तसेंच राहूं दिलें, तेथील जीवसृष्टि २-३ वर्षांत सावरली. धुतलेल्या खडकांना १० वर्षांहून अधिक लागलीं.

हेतु शुद्ध होता, म्हणून कर्त्यास दोषमुक्त मानावें काय? मला तसें वाटत नाहीं. घाण दूर करण्याची ही घाई पुष्कळ अंशीं आपल्याच डोळ्यांची सोय होती. ईस्टरची सुटी तोंडावर आली होती आणि पाहुण्यांना वाळू स्वच्छ हवी होती.