स्वस्त शिकारीचा प्रश्न



नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या मराठी तरुणांकडून अधूनमधून एक प्रश्न येतो. तेथे शरद ऋतूत माळरानावरच्या पक्ष्यांची, म्हणजे फेझंट, ग्राउझ, लावा, चकोर यांची शिकार कायद्याने करता येते. कचेरीतले सहकारी बरोबर चलण्याचा आग्रह करतात. खाजगी शिकारस्थळांचे शुल्क परवडत नाही. तेव्हा कमी खर्चात शिकार करता येईल अशी जागा शोधावी का, आणि अशा शिकारीविषयी दीनचे म्हणणे काय?

प्रश्न वरवर पाहता दोन वाक्यांत मिटणारा आहे. शिकार जायज आहे. परवाना काढा, बिस्मिल्लाह म्हणा आणि जा. परंतु या प्रश्नातील ‘स्वस्त’ हा शब्द मनात ठेवून आपण थोडे खोल उतरलो, तर त्यात तीन प्रश्न दडलेले दिसतील. रानातला पक्षी कोणाच्या मालकीचा? त्याचा जीव घेण्याचा हक्क कशाने मिळतो? आणि एखादी गोष्ट सहज हाती येऊ लागली, की तिच्याशी वागण्याची आपली जबाबदारी कमी होते की वाढते?

प्रथम मूळ हुकूम पाहू. शिकार हे स्वतःत पाप आहे, असे इस्लाम मानत नाही. शिकवून तयार केलेल्या प्राण्यांनी आपल्यासाठी पकडून ठेवलेले खा आणि त्यावर अल्लाहचे नाव घ्या, अशी अनुज्ञा सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत आहे. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना शिकारी कुत्रा आणि बाण यांविषयी बारकाईने प्रश्न विचारले होते, आणि त्यांना तितकीच बारकाईची उत्तरे मिळाली. बाणाच्या टोकाने भेदलेले खावे. शस्त्राच्या आडव्या आघाताने मेलेले खाऊ नये. शिकार पाण्यात बुडालेली सापडली तर खाऊ नये, कारण ती बाणाने मेली की पाण्याने, हे कळत नाही. ज्या धर्माने शिकारीचे इतके तपशीलवार नियम दिले, त्याने शिकारीचा मार्ग बंद केलेला नाही. मात्र नियम एवढे बारीक का दिले, याचाही विचार करा. संशय आला की हात मागे घ्यायचा, हे त्या सर्व नियमांचे सूत्र आहे.

याच सूत्रातून बंदुकीचाही प्रश्न येतो. छर्ऱ्याने मेलेला पक्षी बाणाने भेदलेल्यासारखा मानावा की आघाताने मेलेल्यासारखा, याविषयी विद्वानांत मतभेद आहे. हनफी फिकहमध्ये तो आघाताने मेलेला समजण्याकडे, म्हणजे जिवंत सापडून जिबह केल्याशिवाय न खाण्याकडे कल आहे; मालिकी फुकहांनी आणि आजच्या काही विद्वानांनी त्याला हलाल म्हटले आहे. आपला कोकणी समाज बहुतांशी शाफई, घाटावरचा बहुतांशी हनफी. म्हणून प्रत्येकाने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून पाऊल उचलावे. गोळी सोडताना अल्लाहचे नाव घेणे आणि पक्षी जिवंत हाती आला तर त्वरित जिबह करणे, यात मात्र कोणी हयगय करू नये.

आता मालकीचा प्रश्न. आपल्या फिकहमध्ये रानातला पक्षी पकडला जाईपर्यंत कोणाचाच नसतो. एखाद्याच्या शेतात पक्ष्याने आपण होऊन घरटे केले, म्हणून तो शेतकऱ्याच्या मालकीचा होत नाही. जो त्याला धरील त्याचा तो होतो. जमीन मात्र मालकाचीच राहते आणि तिच्यावर पाऊल टाकायला त्याची परवानगी लागते. विशेष म्हणजे अमेरिकेचा कायदाही याच्याशी बराच जुळतो. तेथे वन्यजीव ही जनतेची ठेव समजली जाते. जमीनमालक वाट अडवू शकतो, परंतु रानपक्ष्यावर मालकी सांगू शकत नाही.

म्हणूनच त्या देशात गरिबाच्या आवाक्यातली ठिकाणे आजही शिल्लक आहेत. मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या राज्यांतील राष्ट्रीय वनांत ग्राउझची शिकार केवळ परवान्याच्या खर्चात होते. नेवाडातील विस्तीर्ण सरकारी डोंगराळ जमिनींवर चकोर मिळतो. आपल्या कवितेत चांदणे पिणारा हा आशियातला पक्षी माणसानेच तिकडे नेऊन सोडला आहे. कॅन्सस आणि साउथ डाकोटा ही राज्ये शेतकऱ्यांना मोबदला देऊन त्यांच्या खाजगी जमिनी शिकाऱ्यांना पायी फिरण्यासाठी खुल्या करून देतात. नॉर्थ डाकोटा आणि मोंटाना येथेही अशाच योजना आहेत. त्या त्या राज्याचा वन्यजीव विभाग दरवर्षी अशा जागांचे नकाशे काढतो. ज्याला स्वस्त जागा हवी त्याने ते नकाशे पाहावेत, सीमा ओळखाव्यात, आणि नकाशाबाहेरच्या शेतात जायचे असेल तर आधी दारावर जाऊन शेतकऱ्याची परवानगी मागावी. परवानगीवाचून परक्या जमिनीत शिरून वाचवलेला पैसा ही बचत नव्हे. ते दुसऱ्याच्या हक्कावरचे अतिक्रमण होय.

स्वस्ताईचा आणखी एक मार्ग दाखवला जातो, आणि तेथे मी तुम्हाला थांबून विचार करायला सांगेन. पिंजऱ्यात वाढवलेले फेझंट किंवा लावे शिकारीच्या दिवशी माळावर सोडायचे आणि गिऱ्हाइकाकडून पक्ष्यागणिक पैसे घ्यायचे, असा व्यवसाय तेथे चालतो. लांबचा प्रवास वाचतो आणि पक्षी मिळण्याची जवळजवळ खात्री असते. हे वाचताना सहीह मुस्लिममधील एका प्रसंगाची आठवण होते. कुरैशमधील काही तरुणांनी एक पक्षी समोर ठेवून त्यावर नेमबाजी चालवली होती, आणि चुकलेला प्रत्येक बाण पक्ष्याच्या मालकाला द्यायचा, असे ठरवले होते. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) तिकडून येताना दिसताच ते पांगले. ज्याच्यात जीव आहे त्याला नेमबाजीचे लक्ष्य करणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केली आहे, हे त्यांनी तेथे सांगितले.

कोणी म्हणेल, तेथील पक्षी बांधलेला होता, येथला उडतो. शिवाय तो खाल्लाही जातो. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणून दोन्ही गोष्टींचा हुकूम एकच, असे मी म्हणत नाही. परंतु एक साम्य नजरेआड करता येत नाही. जो पक्षी आधीच मालकाच्या हातात होता, त्याचे मांस हवे असते तर सुरी पुरेशी होती. त्याला सोडून पुन्हा गोळी घालण्यात जे अधिक मिळते ते मांस नाही. ती नेम साधल्याची मौज आहे. शरीअतने शिकारीला सवलत दिली ती मुळात याकरिता, की रानातला जीव हाती येत नाही आणि त्याच्या गळ्यावर सुरी फिरवता येत नाही. हातातला जीव मुद्दाम हाताबाहेर करून ती सवलत वापरणे, हे त्या सवलतीचा हेतू हरवणे आहे. ज्याच्या मनात तकवा आहे त्याला ही गोष्ट टोचल्यावाचून राहू नये.

येथून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. जीव घेण्याचा हक्क कशाने मिळतो? सुनन नसाईतील एका हदीसचा आशय असा की, चिमणीएवढ्या जिवालाही हक्काशिवाय मारणाऱ्याला अल्लाह त्याचा जाब विचारील. तो हक्क कोणता, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) सांगितले की, तिला जिबह करून खावे, डोके तोडून फेकून देऊ नये. जीव घेण्याचे समर्थन खाण्यात, म्हणजे खऱ्या उपयोगात आहे.

यावर प्रश्नकर्ता प्रामाणिकपणे म्हणेल की, आज पोटासाठी शिकार कोण करतो? परवाना, पेट्रोल, काडतुसे यांचा हिशेब केला, तर स्वस्तात स्वस्त शिकारीतला पक्षीही दुकानातल्या कोंबडीपेक्षा महाग पडतो. मग ही सर्व शिकार मौजेसाठीच, आणि म्हणून त्याज्य, असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. इस्लामने आनंदाला मनाई केलेली नाही. पहाटेच्या माळावर मैलोन्‌मैल चालणे, मुलाला संयम शिकवणे, स्वतः मिळवलेला घास घरच्यांबरोबर खाणे, यातला आनंद निर्मळ असू शकतो. आनंद सोबत यावा. त्याने शिकारीची सूत्रे हाती घेऊ नयेत. ओळखण्याची खूण सोपी आहे. घरातल्या हंडीला पुरेसे मिळाल्यावर ज्याचा हात थांबतो, त्याची शिकार उपयोगासाठी होती. साउथ डाकोटात एका शिकाऱ्याला दिवसाला तीन फेझंट नर मारता येतात. मादीला हात लावता येत नाही. तीन ही तेथील कायद्याची कमाल मर्यादा आहे. ती गाठलीच पाहिजे असे कोणी फर्मावलेले नाही. जखमी होऊन झुडपात पडलेला पक्षी शोधण्यात तास गेला तरी जाऊ द्यावा; त्याला तडफडत सोडून दुसऱ्यामागे धावणे हा जुलूम आहे. आणि शिकारीच्या मागे लागलेला माणूस गाफील होतो, या प्रेषितवाणीचा अर्थ जोहरची वेळ टळून गेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच सर्वांत मोठा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या आकाशात प्रवासी कबुतरांचे थवे सूर्य झाकून टाकीत. इतका स्वस्त पक्षी दुसरा नव्हता. रेल्वे आली, तारायंत्र आले, थवे कोठे उतरले याची बातमी व्यापाऱ्यांना त्वरित मिळू लागली, आणि पिंपे भरभरून कबुतरे शहरांच्या बाजारात पोहोचली. जंगले तुटली, शिकार थांबली नाही. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्या जातीचा शेवटचा पक्षी मेला. अब्जावधींची ती उम्मत संपली. ‘उम्मत’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. सूरह अनआमच्या अडतिसाव्या आयतीत जमिनीवरच्या प्राण्यांना आणि पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे.

त्या देशाने यातून धडा घेतला हेही सांगितले पाहिजे. १९३७ साली तेथे असा कायदा झाला की बंदुका आणि काडतुसे यांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणासाठी राज्यांना मिळावा. शिकाऱ्यांनी आपल्या छंदाची किंमत स्वतः भरावी, हा न्याय तेथील शिकाऱ्यांनीही स्वीकारला. आज वर सांगितलेली स्वस्त ठिकाणे टिकून आहेत ती अशा पैशामुळे आणि अशा मर्यादांमुळे. परवान्याचे शुल्क चुकवून शिकार ‘स्वस्त’ करणारा माणूस पुढच्या पिढीच्या ताटातले उचलतो.

सूरह माइदाची ९४ वी आयत या संदर्भात अवश्य वाचा. इहराममध्ये असलेल्या मुसलमानांना अल्लाहने कळवले की, तुमच्या हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीने तुमची परीक्षा घेतली जाईल. न पाहताही अल्लाहचे भय कोण बाळगतो, हे उघड व्हावे म्हणून. विचार करा, परीक्षा दुर्मीळ शिकारीने घेतलेली नाही. हाताशी आलेल्या शिकारीने घेतली आहे. जे मिळतच नाही ते सोडण्यात कसली कसोटी? जे सहज मिळते, फुकट मिळते, आणि घेताना कोणी पाहतही नाही, ते सोडण्यातच माणसाची ओळख पटते. स्वस्त शिकारीचा नैतिक अर्थ मला येथे सापडतो. बंदी असलेला हंगाम, ठरवून दिलेली संख्या, दुसऱ्याचे कुंपण, या गोष्टी म्हणजे इहराम नव्हेत. पण हाताशी असलेल्या वस्तूपासून हात रोखण्याची तीच तालीम त्यांतून घडू शकते.

हे सर्व वाचून आपल्या गावाकडच्या कोणी असा अर्थ काढू नये की शिकार जायज असल्याने येथेही वाट मोकळी आहे. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे रानातले तितर किंवा लावे मारणे वा विकणे गुन्हा आहे. चोरून कोणी आणून दिलेली तितराची जोडी कितीही स्वस्त असो, ती घेऊ नका. सार्वजनिक हितासाठी जायज गोष्टीला घातलेली मर्यादा पाळणे हे दीनच्या विरोधात नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोकासाठी अभयारण्य करूनही तो पक्षी आज दिसेनासा होत चालला आहे. तेव्हा ही मर्यादा निरर्थक आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. मुलांच्या हातातल्या गलोलीकडेही लक्ष द्या. बोटांनी खडे उडवण्याला प्रेषितांनी (स.) मनाई केली, कारण त्याने शिकार साधत नाही, मात्र एखाद्याचा दात तुटतो किंवा डोळा फुटतो.

आणि मुलाने विचारले, की मग पक्ष्यांचे करायचे तरी काय, तर त्याला सलीम अली यांची गोष्ट सांगा. मुंबईच्या मुस्लिम घरातला हा मुलगा छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपत असे. एकदा गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी पडली. ही कोणती, असा प्रश्न त्याने मामांना, अमीरुद्दीन तय्यबजींना विचारला. मामा स्वतः शिकारी होते. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले. त्या एका प्रश्नातून भारतातील पक्ष्यांचा सर्वांत मोठा जाणकार घडला. निशाण्यावर आलेल्या जिवाविषयी ‘हा कोण?’ असे विचारणे, ही शिकाऱ्याच्याही आणि न शिकाऱ्याच्याही तकव्याची पहिली पायरी आहे.

अल्लाह आपल्याला हलाल रोजी देवो, हाताशी आलेल्या वस्तूपासून योग्य वेळी हात रोखण्याचे बळ देवो, आणि कोणत्याही मुक्या जिवाची तक्रार कयामतच्या दिवशी आपल्याविरुद्ध उभी राहू न देवो. आमीन.