देवाला वाटणारे कौतुक

जुन्या करारातील सफन्याचे पुस्तक अवघ्या तीन अध्यायांचे आहे, आणि त्याचा फार मोठा भाग क्रोधाने व्यापलेला आहे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात, यहूदाचा राजा योशीया याच्या कारकिर्दीत हा संदेष्टा बोलला. नगरे ओसाड होतील, धनिकांचे रुपेसोने त्यांना वाचवणार नाही, असे तो बजावत राहतो. तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस मात्र एकाएकी सूर पालटतो. सतराव्या वचनात देव सीयोननगरीला पाहून हर्षित होतो, इतका की तो गाऊ लागतो. माणसांनी देवासाठी गावे हे अनेक धर्मांत आहे. येथे देव माणसांवरून गातो आहे. त्याच वचनाच्या मधल्या भागात, मूळ हिब्रू पाठ घेतला तर, तो प्रेमभराने मौन होतो. प्राचीन ग्रीक भाषांतर तेथे मौनाऐवजी नूतनीकरणाचा अर्थ देते. अभ्यासकांचा वाद अद्याप मिटलेला नाही. मला मौनच अधिक पटते. गाण्याआधी क्षणभर गप्प होणे हे आनंदाचे लक्षण आहे.

ईश्वर आपल्यावर प्रेम करतो, असे म्हणणे ख्रिस्ती माणसाला जड जात नाही. ईश्वराला आपल्याविषयी, व्यक्तिशः आपल्याविषयी, आनंद वाटतो असे म्हणताना मात्र पुष्कळांची जीभ अडखळते. हा फरक नेमका पकडणारा शब्द मराठीत आहे. तो म्हणजे कौतुक. दया वरून खाली वाहते, क्षमेला अपराध लागतो, प्रीती कर्तव्यातूनही निभावता येते. कौतुक असे निभावता येत नाही. ते वाटावे लागते. जुन्या मराठीत या शब्दाला नवलाचा आणि लीलेचाही अर्थ होता, आणि तान्ह्या मुलाकडे पाहणाऱ्या घरात हे सारे अर्थ आजही एकत्र नांदताना दिसतात. त्या मुलाने अजून काहीच केलेले नसते.

याउलट आपल्या धार्मिक व्यवहारातला नित्याचा शब्द 'प्रसन्न' हा आहे. देव तपाने, व्रताने, नवसाने प्रसन्न होतो. म्हणजे त्यापूर्वी तो प्रसन्न नसतो. अर्थात आपली परंपरा एवढ्यावर थांबलेली नाही. जनाबाईबरोबर दळायला बसणारा विठ्ठल तिला कसला मोबदला देत नाही, त्याला तिची संगत आवडते. तरीही प्रसन्नतेचा हिशेब आपल्या मनात खोल रुजलेला आहे, आणि ख्रिस्ती मनेही त्यातून सुटलेली नाहीत. म्हणून मार्काच्या शुभवर्तमानातला घटनाक्रम पाहण्यासारखा आहे. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशवाणी त्याला प्रिय पुत्र म्हणून संबोधते, त्याच्याविषयी संतोष प्रकट करते. हे पहिल्याच अध्यायात घडते. अजून एकही रोगी बरा झालेला नाही, एकही प्रवचन झालेले नाही. संतोष आधी आहे, कार्य नंतर.

पण येशूविषयीचा संतोष माझ्यापर्यंत कसा पोहोचतो? सफन्याच्या वचनातली 'तू' तरी कोण? हिब्रूत ते स्त्रीलिंगी एकवचन आहे, पण ती एक नगरी आहे, एक समाज आहे. एकट्यादुकट्या वाचकाने ते वचन आपल्या नावावर करून घ्यावे, हे भाषाशास्त्राला धरून नाही. ही अडचण भाविक लेखन सहसा टाळते. तिचे थोडेफार उत्तर लूकच्या पंधराव्या अध्यायात मिळते. तेथे शंभरांतले एक मेंढरू हरवते आणि ते सापडल्याचा आनंद साऱ्या कळपापुरता न राहता त्या एकासाठी स्वर्गात होतो. पौलही गलतीकरांना लिहिताना ख्रिस्ताच्या प्रीतीविषयी 'आम्हां'वर न थांबता 'माझ्या'पर्यंत येतो.

तत्त्वज्ञांचा आक्षेप असा की निर्विकार ईश्वराला आनंदाचा उमाळा कसा येईल? थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच त्याचा निकाल लावला होता: ईश्वरात विकार नाही, पण प्रेम आणि आनंद हे इच्छाशक्तीचे व्यापार म्हणून आहेत. मला त्याचे पुढचे विधान अधिक मोलाचे वाटते. माणसाचे प्रेम वस्तूतल्या चांगुलपणामुळे जागे होते, ईश्वराचे प्रेम तो चांगुलपणा निर्माण करते. मार्टिन ल्यूथरने 1518 साली हायडेलबर्गच्या वादसभेत मांडलेले अठ्ठाविसावे विधान याच दिशेचे आहे, मात्र अधिक धारदार. त्याच्या मते ईश्वराच्या प्रेमाला आवडण्याजोगे काही आयते सापडत नाही, ते स्वतःच ते घडवते.

खरा पेच येथेच सुरू होतो. मी मुळात आवडण्याजोगा नसेन आणि देवाला जे आवडते ते त्याचेच कर्तृत्व असेल, तर कौतुक माझे की त्याचे स्वतःचे? प्रवचनांतून पुष्कळदा ऐकू येते की देव पाहतो तो ख्रिस्ताची नीतिमत्ता, आपण तिच्या वस्त्राआड झाकलेले असतो. त्यात दिलासा आहे खरा, पण झाकलेल्याला कोणी पाहिले असे म्हणता येत नाही. मी ज्या घरात वाढलो तेथे वडिलांच्या प्रेमाविषयी कधी शंका नव्हती. आजारपणात ते उशाशी जागले, शिक्षणासाठी त्यांनी कर्ज काढले. परंतु मी घरात शिरलो की त्यांना बरे वाटते का, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. त्यांनी माझ्यासाठी काय केले याची यादी मी आजही देऊ शकतो. ती यादी या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

सिमोन वेय या फ्रेंच विदुषीने ही गोष्ट टोकाला नेली. माणसांनासुद्धा आपल्याविषयी वाटणारी माया ही चूकच असणार, अशी तिची खात्री होती. मग देवाने आपल्यावर प्रेम करावे याची गरज तिला कल्पिता येईना. मात्र ती जेथे उभी आहे तेथूनच सृष्टीचे जे दर्शन घडते, ते देवाला प्रिय असेल, एवढे तिला मान्य होते. तिच्या मृत्यूनंतर, 1947 साली प्रसिद्ध झालेल्या टिपणांत हे आले आहे. नम्रतेची ही परिसीमा मानली जाते. मला तिच्यात एक सूक्ष्म हट्ट दिसतो. देवाने आपल्याला पाहून हर्षित होऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार तरी आपल्याला कोणी दिला? सी. एस. लुईस याने 1941 साली ऑक्सफर्डच्या प्रवचनात याची दुसरी बाजू मांडली. शाबासकीने उघड खुलणारे मूल अहंकारी नसते. वडिलांना आपण आवडलो, एवढेच त्याला कळलेले असते.

हा सारा वाद ग्रंथालयात बसून चालवणे सोपे आहे. तो केडगावला नेला की त्याचे वजन बदलते. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी निःसंकोच कबूल केले की त्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. संस्कृतात पारंगत आणि मतांची कसून चिकित्सा करणाऱ्या या बाईंना सिद्धान्त कळला होता. तो आपल्याला उद्देशून आहे, हे कळायचे होते. पुढे दुष्काळातून त्यांनी आणलेल्या मुली आणि विधवा मुक्ती सदनात राहू लागल्या. रमाबाई स्वतः विधवा होत्या. शुभकार्याला निघालेल्याने विधवेचे तोंड पाहू नये, ही त्या काळची रीत. त्या मुलींतल्या कित्येकींना आपला चेहरा ही टाळायची वस्तू आहे एवढेच शिकवले गेले होते.

तिला देवाची दया सांगणे कठीण नव्हते. दयेची सवय तिला असेलही, निदान तिच्या उष्ट्या तुकड्यांची. देव तुझ्याकडे पाहतो आणि त्याला आनंद होतो, हे वाक्य तिच्यासमोर उच्चारल्यावर ल्यूथरचे विधान मला वेगळे दिसू लागते. तिच्यात आवडण्याजोगे काही नव्हते असे कोण म्हणेल? जे होते ते पाहायला कोणी थांबले नव्हते. कौतुकाने मूल खुलते ते नवे गुण बाहेरून चिकटल्यामुळे नव्हे. तरीही जगाने ज्या चेहऱ्याकडे पाहणे नाकारले, तो चेहरा तिला स्वतःलाही दिसत नसेल, तर त्या अर्थाने तो तेव्हाच निर्माण होतो असेही म्हणावे लागते. अक्वायनस आणि ल्यूथर येथे खोटे ठरत नाहीत. मात्र झाकणाऱ्या वस्त्राची प्रतिमा मला तिच्यासमोर वापरवत नाही. पदराआड तोंड लपवणे ती आधीच शिकलेली होती.

1921 साली रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाई गेल्या. मधल्या काळातही हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे त्यांचे काम चालू होते. सफन्याच्या त्या वचनाशी त्याही कधीतरी थांबल्या असणार.