पिरॅमिडची मोजपट्टी आणि कयामतची घटका

अमेरिकेतील ‘बायबल स्टुडंट्स’ चळवळीचे संस्थापक चार्ल्स टेझ रसेल यांनी १८९१ च्या ग्रंथात गीझाच्या महापिरॅमिडमधील एक इंच म्हणजे एक वर्ष मानून बायबलच्या कालगणनेला पुष्टी शोधली. पुढील आवृत्तीत एका मार्गाची लांबी ३४१६ ऐवजी ३४५७ इंच झाली. संकटाचे वर्ष पुढे सरकले, दगड मात्र जागीच होते. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, पण जगातील राजसत्तांचा अपेक्षित अंत झाला नाही. १९२८ मध्ये त्यांच्याच संस्थेने हा पुरावा त्याज्य ठरवला.

त्यांना हसू नका. तारीख जाणण्याचा मोह आपल्यातही आहे. दिव्य कुरआननुसार ते ज्ञान केवळ अल्लाहपाशी आहे. कयामत केव्हा, असे विचारणाऱ्यास प्रेषित (स.) यांनी उलट विचारले की, तू तिच्यासाठी काय तयारी केली आहेस? आपले उत्तर काय?