बोलके मुंडके

मढीच्या यात्रेत एकदा आम्ही तंबूतले बोलके मुंडके पाहिले. टेबलावर माणसाचे शिर, खाली धड नाहीच! युक्ती जुनी. 1865 साली लंडनला स्टोडेअर नावाच्या जादूगाराने ती दाखविली. टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे तिरपे बसवितात. त्यांत दिसतात बाजूचे पडदे, आपण समजतो मागचा पडदा. आरशांच्या आड माणूस अंग चोरून बसलेला.

यंत्र झाकतो म्हणून खेळवाल्याला लबाड म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. तिकीट काढणारा चकित व्हायलाच येतो. पण पाहणारा नेहमी पाहणाराच राहतो असे नाही. 1956 साली पी. सी. सरकारांनी लंडनच्या दूरचित्रवाणीवर मुलगी करवतीने कापून दाखविली. ती उठण्याआधीच कार्यक्रम संपला, आणि मुलगी मेली समजून लोकांनी फोनवर फोन केले. ती सुखरूप होती!

आमच्यासोबतच्या आजींनी तर मुंडक्यापुढे हातच जोडले. "माझा ल्योक कवा येईल?" मुंडके क्षणभर गप्प. मग म्हणाले, "येईल, माय." आमच्या मते पडदा तेथेच बाजूला सारायला हवा होता. दया आली असेल त्याला, तरी ते खोटेच. आणि आम्ही? आरसा ठाऊक असून तिसगावपर्यंत मुकाट चाललो.

तेथे चहाला बसल्यावर सगळे सांगितले. आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दिसभर तसाच बसतुया व्हय? पाय दुखत आसतील की त्याचं."