तक्रार करणारा

दिवाळी सरली की वडशाला उसंत नसते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं हे गाव. होळीपर्यंत मंडईची जत्रा भरणाऱ्या गावांत रात्रभर प्रयोग चालतात आणि दिवसा गाड्यांची धावपळ. अशाच एका सकाळी एका कंपनीची पेट्रोल व्हॅन कुरखेडा रस्त्यावरच्या गॅरेजात आली. ॲक्सिलेटरवर पाय नसतानाही रेस आपोआप चढायची, धपकन उतरायची, पुन्हा चढायची.

"आज रात्री आरमोरीच्या पलीकडे प्रयोग आहे. संध्याकाळपर्यंत करून द्या, मिस्त्री," मॅनेजर म्हणाला.

नुकताच आयटीआय झालेल्या पोराने स्कॅनर लावला. कोड आला पी 0507 : आयडल अपेक्षेपेक्षा जास्त.

"काका, आयडलचा व्हॉल्व्ह गेला. नवा टाकू." मॅनेजरचा हात खिशाकडे गेलाच.

"थांब बाबू. व्हॉल्व्ह आत्ता किती उघडा दाखवतो?"

"उघडा नाहीच. पूर्ण बंद आहे."

"मग रेस उतरवायला त्याने आणखी काय करावं? तो त्याचं काम करून बसला. हवा दुसरीकडून शिरते."

इंजेक्शनच्या इंजिनाचं हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आत आलेल्या हवेचा अंदाज घेऊन कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. कुठून तरी चोरून हवा आली की तो त्या मानाने पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते. पण ॲक्सिलेटर तर सोडलेला! कॉम्प्युटरला वाटतं, गाडी उतारावरून चालली आहे. तो पेट्रोल तोडतो. रेस कोसळते, तो घाईने पुन्हा पेट्रोल देतो. हा खेळ थांबतच नाही. कोड सांगतो ते एवढंच, की रेस जास्त आहे. कुणामुळे, ते त्यात लिहिलेलं नसतं.

"गाडी कोण चालवते, भाऊ?" मिस्त्रीने विचारलं.

"नवा पोट्टा आहे. जुन्याला मागच्या हप्त्यात काढलं. रोजची कटकट त्याची."

"काय म्हणायचा?"

"गाडी स्लोला घुटमळते म्हणे. ब्रेक दगडासारखा लागतो म्हणे. कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

मिस्त्रीचा हात थांबला. "रेस आणि ब्रेक, दोन्ही?"

ब्रेक हलका करणारा बूस्टर इंजिनाच्याच ओढीवर चालतो. मॅनिफोल्डपासून त्याच्यापर्यंत एक जाड रबरी पाइप जातो. मिस्त्रीने पकडीला फडकं गुंडाळलं आणि तो पाइप मॅनिफोल्डजवळ दाबून धरला. रेस हळूहळू उतरली आणि आठशेवर स्थिर झाली. पकड सोडली, की पुन्हा तेच.

पाइप काढून उलटा केला. खालच्या अंगाला बोटभर लांब भेग, आणि कडेला बारीक दातांच्या खुणा. गाडी रात्री धानाच्या गोदामाला लागून उभी असायची. उंदरांनी आपलं काम केलं होतं.

त्या दिवशी नुसता व्हॉल्व्ह बदलला असता तर पैसे गेले असतेच, पण रात्रीच्या जंगलरस्त्यावर कलाकारांनी भरलेली गाडी त्याच जड ब्रेकवर धावली असती.

पोरगा खाली मान घालून स्कॅनर गुंडाळू लागला.

"राहू दे तो. पाइप बसला की कोड पुसायचा आहे," मिस्त्री म्हणाला. "त्याने खोटं नाही सांगितलं. आपण अर्धंच ऐकलं."

मॅनेजर बराच वेळ त्या पाइपाकडे पाहत राहिला. मग बाजूला जाऊन त्याने जुन्या ड्रायव्हरला फोन लावला. रात्रीच्या प्रयोगाला गाडी त्यानेच नेली.