वास, फोटो आणि शेजारी

रमजानमध्ये अस्रनंतर आमच्या मोहल्ल्यात रुमालाने झाकलेल्या ताटल्या या घरून त्या घरी जात. ताटली रिकामी परत करायची नाही, एवढाच कायदा. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू जर (रजि.) यांची हदीस आहे : रस्सा शिजवताना पाणी वाढवावे, शेजाऱ्याला वाटा द्यावा. पाणी म्हटले आहे, मटण नव्हे. म्हणजे गरिबालाही सूट नाही. वास जाई तिथवर ताटलीही पोहोचे.

फोटोचे तसे नाही. २०२०च्या रमजानमध्ये, टाळेबंदीत, आम्ही घरच्या बिर्याणीचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. चुकून नव्हे, हौसेने. (यूट्यूबवर पाहून केलेली पहिलीच बिर्याणी!) एका मुलाने लिहिले, "सर, आमच्याकडे आज चहा-पाव." तक्रार नव्हती, सर बोलले म्हणून तोही बोलला. अब्बा रोजंदारीवर, काम बंद. रस्तेही बंद. जिथे ताटली पाठवता येत नाही, तिथे ताट दाखवण्याचा हक्क आम्हाला कुणी दिला? की ज्याला दिसले तो शेजारीच धरायचा?

फोटो आम्ही काढून टाकला. पाहिलेले कसे काढणार?

रस्ते खुले झाल्यावर ताटली घेऊन गेलो. त्याच्या अम्मीने ती परत केली तेव्हा तिच्यात चार खजूर होते.